पोफळीचं विमान, सागाचा पंख आणि माझी चुकलेली बातमी

मागच्या महिन्यात मी एक बातमी केली होती, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी वाचली असेल. 'पोफळीच्या तरुणाची गगनभरारी. घरच्या पडवीत साकारतंय विमान'. सोबत फोटो. पोरगा उभा, मागे लाकडी सांगाडा, बाजूला आईच्या चेहऱ्यावर कौतुक. बातमी धो धो चालली. गावात दोन ठिकाणी शाल-श्रीफळ झालं, एका पुढाऱ्याने त्याच्यासोबत फोटो काढून घेतला, आणि मला तीन दिवस 'भाऊ, भारी केलीत बातमी' असे फोन येत होते.

त्या बातमीत एक वाक्य होतं. 'विमानाच्या पंखांसाठी सर्वांत मजबूत समजल्या जाणाऱ्या सागवानी लाकडाचा वापर करण्यात आला आहे.' हे वाक्य पोराचं नव्हतं, माझं होतं. त्याने फक्त 'साग वापरलाय' एवढंच सांगितलं होतं. 'सर्वांत मजबूत' हे मी आपलं पदरचं घातलं. वीस वर्षं पत्रकारिता केली की असे शब्द हाताला आपोआप येतात.

चौथ्या दिवशी चिपळूणहून एका निवृत्त गृहस्थांचा फोन आला. हवाई दलात तंत्रज्ञ म्हणून आयुष्य गेलेलं. आवाज शांत. म्हणाले, "साग मजबूत आहे, त्याबद्दल वाद नाही. पण विमानाला किती वजनात किती मजबुती लागते, ते त्या मुलाला कोणी विचारलं का? आणि तुम्ही तरी विचारलंत का?"

मी विचारलं नव्हतं. मला विचारायचं सुचलंही नव्हतं.

त्या रात्री झोप लागली नाही, कारण डोक्यात एकच नाव येत होतं, फुलसावंगी. यवतमाळ जिल्ह्यातलं, महागाव तालुक्यातलं गाव. ऑगस्ट २०२१. पत्र्याचं आणि वेल्डिंगचं काम करणारा चोवीस वर्षांचा तरुण, स्वतःच्या हाताने हेलिकॉप्टर बनवलेला. स्वातंत्र्यदिनाला ते सगळ्यांना दाखवायचं त्याचं स्वप्न होतं. त्याच्या चारपाच दिवस आधी रात्री चाचणी घेताना मागचं पातं तुटलं, मोठ्या पंख्यावर आदळलं, आणि तो पंखा त्याच्या डोक्याला लागला. जमिनीवरच. यंत्र उडालंही नव्हतं. त्याच्या मृत्यूनंतर आपण सगळ्यांनी 'रँचोची अखेर' वगैरे मथळे केले. मीही एक शेअर केला होता.

तर ही पोस्ट म्हणजे माझी चूकदुरुस्ती आहे. वर्तमानपत्रात चूकदुरुस्तीला दोन ओळी मिळतात, त्यात हे मावत नाही, म्हणून इथे लिहितोय. लांबलंय, पण वाचा. घरात हुशार, हाताला चैन नसलेला पोरगा असेल तर जरूर वाचा.

आधी त्या पोराबद्दल. नाव लिहीत नाही, गावातल्यांना माहीत आहे आणि बाहेरच्यांना गरज नाही. डिप्लोमा मेकॅनिकल अर्ध्यावर सुटलेला, गॅरेजमध्ये कामाला. त्याचे आजोबा कोयना प्रकल्पाच्या बोगद्यांवर होते. आपल्या पोफळीत असं घर सापडणं अवघड की ज्यातलं कोणी त्या डोंगराच्या पोटात काम केलं नाही. त्यामुळे मोठ्या यंत्राची भीती आमच्या पोरांना नाही. भूमिगत वीजगृह, टर्बाइन, पेनस्टॉक हे शब्द आम्ही 'आंबा-काजू'सारखे वापरत लहान झालो. हा पोरगा यूट्यूबवर बघून एक माणूस बसेल असं छोटं विमान करायला निघालाय. इंजिन जुन्या गाडीचं. पंखाचा मुख्य वासा (इंग्रजीत त्याला स्पार म्हणतात, घराला जशी तुळई तसा पंखाला स्पार) त्याने सागाचा केला होता, जुन्या घराच्या मोडीतून आलेल्या फळ्यांचा. आणि पंखाच्या फासळ्या मरीन प्लायच्या.

मी दुसऱ्यांदा त्याच्याकडे गेलो ते पेन न घेता.

"काका, साग का नको? आपल्याकडे देवळाचे खांब सागाचे, दीडशे वर्षं हलत नाहीत."

बरोबर आहे. पण देऊळ उडत नाही. आणि हाच सगळा मुद्दा आहे, तो मला समजायला आठवडा लागला. तुम्हाला जमेल तसा सांगतो.

लाकडाची ताकद मोजायची एक पद्धत आहे. गाठ नसलेली, सरळ रेषांची, चांगली सुकलेली छोटी कांडी घ्यायची, दोन्ही टोकांना आधार द्यायचा, मध्ये भार वाढवत न्यायचा, आणि मोडते कधी ते बघायचं. त्यासाठी आपल्याकडे भारतीय मानकही आहे, आयएस १७०८. या पद्धतीने साग वाकून मोडताना एका चौरस सेंटिमीटरला साधारण १,००० किलोचा ताण सोसतो. विमानाचं लाकूड म्हणून जगभर प्रसिद्ध असलेलं जे सिटका स्प्रूस, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर अलास्कापासून खाली वाढणारं, ते सोसतं ७०० च्या आसपास. म्हणजे साग जिंकला? मीही असंच म्हटलं.

पण आता वजन बघा. सागाच्या एका घनमीटरचं वजन साधारण ६५० किलो, स्प्रूसचं ४५०. ताकदीला वजनाने भागा. दोन्ही जवळजवळ बरोबरीत! डग्लस फर नावाचं दुसरं एक विमानाचं लाकूड आहे, ते स्प्रूसपेक्षा मजबूत आणि जडही, त्याचा भागाकार करा, तोही तिथेच येतो. किलोमागे ताकद या हिशेबात चांगली लाकडं एकमेकांच्या फार पुढेमागे नाहीत. निसर्गाने सगळ्यांना एकाच कच्च्या मालापासून बनवलंय, कोणात माल जास्त भरलाय, कोणात हवा जास्त ठेवलीय, एवढाच फरक.

मग स्प्रूसच का? इथे सुतारकामातली साधी गोष्ट येते. समजा तुम्हाला तीन मीटर लांब, पाच सेंटिमीटर रुंद पट्टी हवी आहे आणि वजन तीन किलोच्या पुढे जायला नको. सागाची केलीत तर ती जाडीला तीन सेंटिमीटर भरेल. तेवढ्याच वजनाची स्प्रूसची केलीत तर साडेचार सेंटिमीटरच्या जवळ जाईल. आणि वाकण्याला विरोध जाडीच्या घनाने वाढतो. दुप्पट जाडी म्हणजे आठपट ताठपणा. (फळी आडवी ठेवली की लवते आणि उभी ठेवली की लवत नाही, हे घर बांधलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.) हिशेब केला तर त्याच वजनाची स्प्रूसची पट्टी सागापेक्षा जवळपास तिप्पट ताठ, आणि मोडायला जवळपास दीडपट भार घेणारी. सेंटिमीटरमागे साग वरचढ, पण किलो बांधून दिले की हलकं लाकूड बाजी मारतं. घराला किलोचं बंधन नसतं. विमानाला दुसरं कुठलंच बंधन इतकं कडक नसतं.

"मग सगळ्यात हलकंच घ्यावं की," पोरगा म्हणाला. हुशार आहे म्हणतो ते याचसाठी. याच तर्काने बाल्सा सगळ्यांना मागे टाकतो, घनमीटरला दोनशे किलोसुद्धा भरत नाही. पण बाल्साला बोल्ट मारा, तो चिरडतो. नख रुततं त्यात. जिथे पंख धडाला जोडायचा, जिथे सगळा भार एका बोटाएवढ्या भोकावर येतो, तिथे बाल्सा काही कामाचा नाही. शिवाय इतका जाड वासा पंखाच्या आत मावायला हवा ना! म्हणून ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धात मॉस्किटो हे विमान केलं तेव्हा बाल्सा मध्ये ठेवला आणि दोन्ही बाजूंनी बर्चच्या पातळ प्लायची कातडी चिकटवली. कडेला कणखर, मध्ये हलकं.

हे ऐकून पोरगा हसला आणि म्हणाला, "म्हणजे पोफळ."

मी गार पडलो. ज्या झाडाच्या नावाने आपलं गाव ओळखलं जातं, त्याचं खोड उभं चिरून बघा. बाहेरचा थर करवतीला न जुमानणारा, आत नुसता भुसभुशीत गर. आपले आजे तो गर काढून टाकायचे आणि पाटाच्या पाण्यासाठी पन्हळ करायचे. एवढ्या बारीक खोडावर इतकं उंच झाड वादळात डोलतं ते ताकद कडेला ठेवल्यामुळे. बांबूचंही तेच. ब्राझीलच्या सांतोस-द्युमोंने १९०७ नंतर जे चिमुकलं 'दम्वाझेल' विमान केलं, त्याचं धड बांबूचं होतं.

तर त्या शनिवारी आम्ही पडवीत कांड्या मोडायला बसलो. वाडीतले आमचे सुतारकाका, वय सत्तरच्या पुढे, त्यांना बोलावलं. त्यांनी साग, शिवण, सावर, ऐन आणि फणस यांच्या एक सेंटिमीटर चौरस काड्या रंधून दिल्या. दोन विटांवर काडी, मध्ये दोरीने बालदी, बालदीत मगाने पाणी. प्रयोगशाळेच्या पंगतीला बसणारं काम नाही हे, म्हणून आकडे सांगत नाही. पण जे बघितलं ते सांगतो.

सावर पहिली गेली, न कुरकुरता, पाट्‌कन. काडेपेटीच्या काडीचं लाकूड ते. ऐनाने बालदी पूर्ण भरून घेतली आणि वर सुतारकाकांचा हातही झेलला. पण ऐनाची काडी तराजूत टाकली तेव्हा कळलं की हे लाकूड घनमीटरला साडेआठशेच्या पुढे का सांगतात. शिवण मला आवडली. वजन पाचशेच्या आतबाहेर, रंध्याखाली लोण्यासारखी, आणि मोडायच्या आधी बराच वेळ करकरत राहिली, म्हणजे सांगून मोडली. ढोलकीची खोडं शिवणीची का करतात ते सुतारकाकांनी सांगितलं. सुकल्यावर ती पीळ खात नाही.

आणि साग? सागाच्या दोन काड्या होत्या. एकीने शिवणीला मागे टाकलं. दुसरी शिवणीच्याही आधी मोडली. एकाच फळीतल्या दोन काड्या!

सुतारकाकांनी मोडलेली काडी उचलली, नखाने रेषेवरून फिरवली. "ही तिरकी कापलीय. रेष काडीतून बाहेर पडतेय बघ. लाकूड नाही मोडलं, रेष सुटली."

नंतर वाचलं तेव्हा कळलं की काकांनी जे नखाने दाखवलं त्याचा आकडा आहे. लाकडाची रेष दहाला एक एवढी जरी तिरकी गेली तरी वाकण्यातली ताकद पाचव्या हिश्श्याने उतरते, आणि पाचला एक झाली की जवळपास निम्मी जाते. विमानाच्या लाकडाला म्हणून पंधराला एक यापेक्षा जास्त तिरकेपणा चालत नाही. म्हणजे कुठलं झाड हा प्रश्न दुसरा आहे. त्या झाडातली कुठली फळी, आणि ती कशी कापली, हा पहिला. स्प्रूसची ख्याती आहे ती नुसत्या हलकेपणाची नाही. ती झाडं उंचच उंच, खालच्या भागाला फांद्या नाहीत, म्हणून गाठ नसलेली सरळ रेषेची लांब फळी मिळते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने या लाकडासाठी सैन्यात स्वतंत्र विभाग काढला आणि हजारो सैनिक जंगलात कुऱ्हाडी घेऊन पाठवले. त्यांना लाकूड नको होतं, सरळ रेष हवी होती. आपला घाटातला साग वाऱ्याने वाकलेला, पीळ घेतलेला, आणि पोराच्या फळ्या तर जुन्या घराच्या, खिळ्यांची भोकं असलेल्या. त्या भोकांत लांबी भरून वर पॉलिश मारलं होतं. दिसायला इतकं देखणं की मी बातमीत 'सुबक' असं विशेषणही लावलं होतं.

मरीन प्लायचंही सांगतो, कारण इथे बरेच जण फसतात. दुकानात प्लायवर आयएस ७१० असा शिक्का असतो, तो मरीन प्लायचा. आपल्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या त्याच्याच असतात. गंमत म्हणजे त्याच्या अगदी शेजारचा आकडा, आयएस ७०९, हा विमानाच्या प्लायचा आहे. पण दुकानातलं मरीन प्लाय पाणी सोसायला केलेलं, वजन वाचवायला नाही. आतल्या थरात काय दडलंय ते बाहेरून दिसत नाही. पोराने ते घेतलं कारण दुकानदार म्हणाला, "सगळ्यात हेवी माल आहे." दुकानदार खोटं बोलला नाही.

आता ओल. हा आपल्या भागाचा खास विषय. लाकडाचे जे आकडे वर दिले ते साधारण १२ टक्के ओल असलेल्या लाकडाचे. आपल्याकडे पावसाळ्यात घरात ठेवलेलं सुकं लाकूडही हवेतून ओल पिऊन १८-२० टक्क्यांवर जातं. जुलैत दारं का अडकतात? त्याचमुळे. आणि ओलीचा एकेक टक्का वाढला की वाकण्यातली ताकद साधारण चार टक्के कमी होते. म्हणजे मे महिन्यात तपासलेला पंख ऑगस्टमध्ये तोच पंख नसतो. त्यात सांधा फेव्हिकॉलचा. कपाटाला उत्तम आहे हो, तक्रार नाही. पण ज्या सांध्यावर जीव टांगायचा त्याला पाणी आणि ऊन दोन्ही सोसणारा चिकटा लागतो. मॉस्किटो हे एवढं नावाजलेलं विमान, पण १९४४ च्या अखेरीस भारत आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्याचे पंख हवेत मोडायचे प्रकार झाले आणि इथली विमानं काही काळ जमिनीवर ठेवावी लागली. आपली दमट हवा, चिकटा, आणि कारखान्यात कच्चे राहिलेले सांधे यांवर तेव्हा बोट ठेवलं गेलं. इंग्लंडच्या कारखान्यात, तपासनीस असताना हे झालं. पडवीत तपासनीस कोण? पोराची आई.

इथपर्यंत वाचून काही जण म्हणतील, 'पत्रकार साहेब, आधी हरभऱ्याच्या झाडावर चढवलंत, आता पाय ओढताय.' गावात एकाने तोंडावर म्हटलंही. तळपदेंचं नावही निघालं, शिवकर बापूजी तळपदे, १८९५, चौपाटी, राइट बंधूंच्या आधी मराठी माणसाने विमान उडवलं. तळपद्यांनी त्या काळात धडपड केली याबद्दल मला आदर आहे. पण ते उडालं याला धड पुरावा नाही, आणि ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा दाखला देतात, त्यातल्या आकृत्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये तपासल्या आणि त्या उडण्याजोग्या नाहीत असं स्वच्छ लिहिलं. अभिमानाचा विषय हवा असेल तर खरे खूप आहेत. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते पुस मॉथ विमान, त्याचे पंख लाकडाचे आणि वर कापड. आपल्याच सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये बंगळुरूला विमानांचा कारखाना काढला, आजची एचएएल ती. देशातल्या ग्लायडिंग क्लबांत पोरं शिकली ती अश्विनी, रोहिणी ही ग्लायडर लाकडीच, आणि ती इथेच आखलेली, नागरी विमान वाहतूक खात्याच्या तांत्रिक केंद्रात. त्यात जुगाड नव्हता. प्रत्येक फळीची तपासणी होती.

हा 'जुगाड' शब्दच मला आता डाचतो. आम्ही पत्रकारांनी तो डोक्यावर घेतलाय. गरीब घरातला पोरगा काहीतरी करतो, त्याला आम्ही 'देशी रँचो' म्हणतो, त्याचा फोटो छापतो, आणि त्याला जे खरंच हवंय, म्हणजे एखादं पुस्तक, एखादी चाचणी, एखादा 'इथे थांब' म्हणणारा माणूस, ते सोडून सगळं देतो. शाल देतो. शालीवर विमान उडत नाही.

आणि पोराला थांबवायचं नाहीच आहे मला. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात चेरी ग्रोव्ह म्हणून खेडं आहे, आपल्या पोफळीपेक्षाही लहान असेल. तिथल्या बर्नार्ड पिटेनपोल नावाच्या स्वतःच्या बळावर शिकलेल्या मेकॅनिकने १९२९ च्या सुमारास लाकडाचं विमान केलं आणि त्याला फोर्ड मोटारीचं इंजिन लावलं. त्याचे आराखडे आजही लोक घेतात आणि घरी ते विमान बांधतात. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. ते धातूचं. पण त्यांची गोष्ट सांगताना आम्ही गच्ची सांगतो आणि कागद विसरतो. २०१७ मध्ये डीजीसीएकडे नोंदणी आणि उड्डाण-चाचणीची परवानगी २०१९ मध्ये. वर्षानुवर्षं खेटे घातले त्या माणसाने. आणि तो स्वतः वैमानिक. आमच्या पोराच्या डोक्यात गुहागरकडचा एक सडा होता, पहाटे कोणी नसताना. 'काका, फक्त दहा फूट उचलून बघणार.' दहा फुटांवरूनही माणूस मरतो रे बाबा. आमच्याकडे नारळावरून पडतात.

आता जरा मोठ्या प्रश्नावर येतो, कारण कांड्या मोडताना मला एक गोष्ट खटकत राहिली. स्प्रूसचे आकडे मला घरबसल्या मिळाले, बाल्साचे मिळाले, सागाचे मिळाले. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने तर साग शंभर धरून बाकीच्या भारतीय लाकडांची तुलना मांडून ठेवलीय, फार मोलाचं काम. पण आपल्या डोंगरातली शिवण, आपल्या हवेत सुकवलेली, आपल्या वखारीत कापलेली, ती किती भार घेते हे सांगणारा फलक या तालुक्यात कुठे आहे? कुंभार्ली घाटाच्या पायथ्याला राहतो मी. घाट चढणारे लाकडाचे ट्रक रोज बघतो. त्यात ऐन, किंजळ, शिवण, आंबा सगळं एकत्र, फांदी आणि खोड एकत्र. भाव टनावर. ज्या लाकडाची रेष सुतारकाका नखाने वाचतात, ते लाकूड आपण भट्टीच्या भावाने वर पाठवतो, आणि घरातल्या दारासाठी बाहेरचं लाकूड आणतो. शेतकऱ्याला दोष देत नाही, त्याला पैसे हवेत आणि विकत घेणारा एकच दारात येतो. पण ज्याची गुणवत्ता कोणी मोजलीच नाही, त्याला जळणाचाच भाव मिळणार.

यासाठी मोठी योजना लागत नाही. दापोलीला कोकण कृषी विद्यापीठाचं वनशास्त्र महाविद्यालय आहे. जिल्ह्यात तंत्रनिकेतन आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, आणि जिथे सिव्हिल शिकवतात तिथे लोखंडी सळी ताणून तोडायचं यंत्र असतं. त्याच यंत्रावर लाकडाची कांडी मोडता येते. शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्प हवेच असतात. एका वर्षी दहा लाकडं घ्या, प्रत्येकाच्या पन्नास कांड्या मोडा, मे महिन्यात एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा, आणि आलेले आकडे ग्रामपंचायतीत, वखारीत, आयटीआयमध्ये लावा. सुतारकाकांसारखी माणसं अजून आहेत तोवर त्यांना मानधन देऊन बोलवा, लाकूड निवडायला. कोणाच्या ओळखीने हे सुरू होत असेल तर मला कळवा, मी धावपळ करीन. विमानासाठी नाही म्हणत. छपरासाठी, होडीसाठी, शाळेच्या बाकासाठीही तोच आकडा लागतो.

पोराचं काय झालं, तर ऐका. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "काका, पंख मोडून बघू." म्हणजे मुद्दाम. जगभर असंच करतात. पंख उलटा ठेवायचा आणि त्यावर भार रचायचा. छोट्या साध्या विमानाच्या पंखाने वजनाच्या ३.८ पट भार सहज घ्यायला हवा आणि त्याच्याही दीडपटीला मोडता कामा नये, असा दंडक आहे. त्याचं विमान माणसासकट ३०० किलोचं धरलं तर दोन्ही पंखांवर मिळून १,७१० किलो. एका पंखावर ८५५. आकडा लिहिल्यावर तो बराच वेळ कागदाकडे बघत होता. त्याने आजवर पंखावर फक्त स्वतः बसून बघितलं होतं.

चिपळूणचे ते निवृत्त गृहस्थ येत्या रविवारी येतायत. भार म्हणून आधी तांदळाची पोती ठरली होती, पण पंख मोडला की पोती फुटतील म्हणून आता जांभ्याचे चिरे घेतोय, शेजाऱ्याच्या बांधकामावरचे, उसने. काल एक चिरा काट्यावर ठेवला, ३२ किलो भरला, म्हणजे सत्तावीस लागतील. पण सगळे चिरे सारखे नसतात, म्हणून पोरगा आज संध्याकाळपासून एकेक चिरा तोलतोय आणि त्यावर खडूने वजन लिहितोय. पंखाच्या टोकाला किती आणि मुळाशी किती ठेवायचे तो तक्ता त्याने स्वतः काढलाय. बघायला यायचं असेल तर सकाळी नऊला या, फक्त पंखाजवळ उभे राहू नका. फोटो पंख मोडल्यानंतरचा काढू.